स्वादुपिंडाची सूज आणि महागड्या इंजेक्शनची चिठ्ठी

कोयता घेऊन पाच-सहा महिने फडात राबलेला माणूस गावी परत येतो. मुकादमाशी उचलीचा हिशेब होतो. आणि एखाद्या रात्री त्याच्या पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या खाली अशी कळ उठते की तो गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसतो. कळ आरपार पाठीत जाते. उलट्या थांबत नाहीत आणि उलटी होऊनही मोकळे वाटत नाही. तलवाड्याच्या पंचक्रोशीत या दुखण्याला कोणी 'वाटी सरकली' म्हणते, कोणी 'गोळा उठला' म्हणते, तर शिकलेली मंडळी 'ॲसिडिटी' म्हणतात. पोट चोळले जाते, सोडा पाजला जातो, मेडिकलमधून गोळी आणली जाते. यात रात्र जाते आणि कधी कधी दुसरा दिवसही जातो. दुखणे स्वादुपिंडाच्या सुजेचे असेल तर हा गेलेला दिवस फार महागात पडतो.

समाजबांधवांनो, मी डॉक्टर नाही. कचेरीत कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी विहारात बसून लोकांचे दवाखान्याचे कागद, योजनेचे अर्ज भरून देतो. अशाच एका कुटुंबाचे कागद तपासताना एका खाजगी दवाखान्याचे बिल हाती आले. रुग्ण ऊसतोड मजूर, दुखणे स्वादुपिंडाच्या सुजेचे. बिलात खाटेचे भाडे होते, तपासण्या होत्या, सलाईन होते. पण निम्म्याहून अधिक रक्कम एकाच इंजेक्शनची होती. बायकोने अंगावरचे डोरले मोडून ते आणले होते. तिला सांगितले होते की, 'आतला रक्तपुरवठा थांबलाय, हे इंजेक्शन दिले तर सुरू होईल.' माणूस वाचला, ही आनंदाची गोष्ट. पण तो इंजेक्शनने वाचला की सलाईनने, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मिळेल ते वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले. जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवतो.

प्रथम हा अवयव कोणता ते पाहू. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे असते. लांबी साधारण वीतभर, वजन जेमतेम १०० ग्रॅम. ते दोन कामे करते. इन्सुलिन तयार करून रक्तात सोडते आणि अन्न पचविणारा रस, दिवसाला एक ते दीड लिटर, आतड्यात सोडते. या रसात मांस पचविण्याची ताकद असते. म्हणून निसर्गाने तो स्वादुपिंडात असेपर्यंत निजलेला ठेवला आहे. आतड्यात पोचल्यावरच तो जागा होतो. काही कारणाने तो आतच जागा झाला, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. याला वैद्यकात 'ॲक्यूट पॅन्क्रिएटायटिस' म्हणतात. कारणे पुष्कळ आहेत, पण त्यांतली दोन मोठी. एक म्हणजे पित्ताशयातील खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकणे, आणि दुसरे म्हणजे दारू. रक्तातली चरबी बेसुमार वाढली तरी हे होते. विडी-सिगारेटनेही धोका वाढतो.

आता रक्तपुरवठ्याचा मुद्दा. त्या बाईला सांगितलेली गोष्ट अर्धी खरी होती. स्वादुपिंड लहान लहान कप्प्यांचे बनलेले असते. प्रत्येक कप्प्याला आपली एक बारीक रक्तवाहिनी मिळते आणि शेजारच्या कप्प्याच्या वाहिनीशी तिचा फारसा सांधा नसतो. गावातल्या ज्या वस्तीला एकच नळ आहे, तो बंद पडला की ती वस्ती कोरडी राहते. शेजारच्या आळीचे पाणी तिकडे येत नाही. तसेच हे. सूज आली की या वाहिन्या आवळतात. त्यांच्या भिंती सच्छिद्र होऊन रक्तातले पाणी बाहेर झिरपते. पोटात आणि पोटामागच्या भागात असे काही लिटर पाणी साचू शकते. मागे राहिलेले रक्त घट्ट होते, पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, बारीक गुठळ्या होतात. मग रक्त न मिळालेला कप्पा मरतो. बहुतेक रुग्णांत, म्हणजे शंभरातल्या ऐंशींच्या आसपास, सूज आठवड्याभरात ओसरते आणि माणूस घरी जातो. उरलेल्यांत स्वादुपिंडाचा भाग कुजतो किंवा मूत्रपिंडे, फुप्फुसे काम सोडू लागतात. माणसे दगावतात ती यांच्यातली.

तेव्हा डॉक्टरांच्या मनात सहज विचार आला की, आवळलेल्या वाहिन्या औषधाने उघडल्या, घट्ट रक्त पातळ केले, तर स्वादुपिंड वाचेल. हा विचार चुकीचा नाही. औषधाने रक्ताभिसरण सुधारून माणूस वाचविल्याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तेही महाडचे. चवदार तळ्यामुळे आपल्या समाजाला महाड ठाऊक आहे. त्याच महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले. ते मूळचे आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. विंचवाच्या विषाने शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून हे टिपून ठेवले. मग रक्तदाबावरची एक साधी स्वस्त गोळी, प्रेझोसिन, वापरून पाहिली. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या ब्रिटनमधल्या नियतकालिकात छापले. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांत पंचवीस-तीस जण जात. या गोळीनंतर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आरोग्य केंद्रातल्या खाटेशी जन्मलेले हे संशोधन जगाने मान्य केले, कारण त्यामागे नोंदी होत्या.

विंचवाचा आणि स्वादुपिंडाचा संबंधही अगदीच दूरचा नाही. वेस्ट इंडीजमध्ये त्रिनिदाद नावाचे बेट आहे. इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथेच आहेत. त्या बेटावरचा एक विंचू चावला की माणसाला थेट स्वादुपिंडाची सूज येते. १९७० साली तिथल्या एका डॉक्टरने ३० दंशाच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांपैकी २४ जणांना ही सूज आलेली होती. आपल्याकडे मात्र विंचवाचा धोका मुख्यतः हृदयाला आणि फुप्फुसाला असतो. इथे एक स्पष्ट सांगतो. प्रेझोसिन हे विंचूदंशावरचे औषध आहे, स्वादुपिंडाच्या सुजेवरचे नव्हे. सुजेच्या रुग्णाचा रक्तदाब आधीच खाली आलेला असू शकतो. त्याला ही गोळी दिली तर जिवावर बेतेल.

मग विंचूदंशात जे साधले ते स्वादुपिंडात का साधले नाही? प्रयत्न कमी झाले नाहीत. रक्त पातळ ठेवणारे डेक्स्ट्रान वापरून पाहिले. हेपॅरिन वापरले. वाहिन्या सैल करणारी औषधे उंदरांवर, कुत्र्यांवर, डुकरांवर तपासली गेली आणि प्रयोगशाळेत अनेकांचा गुण दिसला. जपानमध्ये तर बारीक नळी थेट स्वादुपिंडाच्या धमनीपर्यंत नेऊन तिच्यातून औषध सोडत. पुढे तिथल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा त्या उपचाराने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही.

लेक्सिपॅफंट या औषधाची कथा सांगण्याजोगी आहे. सुजेमध्ये शरीरात एक असा पदार्थ सुटतो, जो वाहिन्यांना गळकी करतो आणि रक्तातल्या पेशींना चिकट बनवितो. त्याला अडविणारे हे औषध ब्रिटनमध्ये तयार झाले. १९९५ आणि १९९७ साली लहान चाचण्या आल्या, एकीत ८३ रुग्ण, दुसरीत ५०. दोन्हींत आशा वाटली. मग २९० रुग्णांची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण. कोणाला काय दिले ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. २००१ साली निकाल छापला. अवयव निकामी होण्याचे थांबविण्यात औषधाला यश आले नव्हते. पेन्टॉक्सिफायलीन या रक्त खेळते ठेवणाऱ्या स्वस्त गोळीचेही असेच झाले. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये आधी थोड्या रुग्णांवर बरे वाटले, पुढच्या अधिक रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. हेपॅरिनच्या नव्या प्रकाराविषयी चीनमधून काही आशादायक अहवाल आहेत, पण सर्वांना सरसकट द्यावे इतका भक्कम पुरावा अजून जमलेला नाही. नीलेत गुठळी झालेली असेल तर गोष्ट निराळी, तो निर्णय डॉक्टरांचा.

अपयशाचे एक मोठे कारण मला फार बोलके वाटले. प्रयोगशाळेत उंदराला सूज आणण्याच्या आधी किंवा लगेच तासाभरात औषध देतात. माणूस दवाखान्यात येतो तो कळ उठल्यावर एक-दोन दिवसांनी. तोवर त्या बारीक वाहिन्या बंद पडून गेलेल्या असतात, कप्पे मेलेले असतात. मेलेल्या कप्प्याला कोणते इंजेक्शन रक्त देणार? ब्रिटनमधल्या मोठ्या शहरात ही स्थिती, तर तलवाड्याहून गेवराई, गेवराईहून बीड आणि तिथून घाटी किंवा अंबाजोगाई असा प्रवास करणाऱ्या आपल्या माणसाचे काय? दुसरी अडचण अशी की, वाहिन्या सैल करणारे औषध फक्त स्वादुपिंडात जात नाही. ते सगळ्या शरीराच्या वाहिन्या सैल करते. रक्तातले पाणी आधीच झिरपून गेलेल्या माणसाचा रक्तदाब त्याने आणखी पडतो, आणि स्वादुपिंडाला मिळायचे तेही रक्त मिळत नाही.

आता आपल्याकडे बिलात दिसणाऱ्या इंजेक्शनबद्दल. त्याचे नाव युलिनास्टॅटिन. माणसाच्या लघवीतून शुद्ध करून काढलेले हे प्रथिन आहे. ते पचविणाऱ्या रसाची धार बोथट करते. खरे तर ते रक्तवाहिन्या उघडणारे औषध नव्हेच. रक्तपुरवठ्याची गोष्ट नातेवाइकांना समजावी म्हणून सांगितली जाते. भारतात ते विकण्यास परवानगी आहे. भारतातल्या काही रुग्णालयांत त्याची चाचणी झाली, २०१३ साली ती प्रसिद्ध झाली, आणि गंभीर रुग्णांत मृत्यू कमी झालेले दिसले. परंतु रुग्णांची संख्या लहान होती. लेक्सिपॅफंटच्या लहान चाचण्यांनीही आशा दाखविली होतीच. अमेरिका-युरोपच्या पोटविकार तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकांत या इंजेक्शनची शिफारस नाही. ते देणारा प्रत्येक डॉक्टर लुबाडणारा असतो असे मी मुळीच म्हणत नाही. गंभीर रुग्ण समोर असताना हाताशी असलेले सारे करून पाहावे असे डॉक्टरलाही वाटते. पण ते न मिळाल्याने माणूस गेला, असा दोष कोणा बायकोने स्वतःला लावून घेऊ नये आणि त्यासाठी घरातले भांडेकुंडे विकू नये. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जी शिकवण दिली, की ऐकीव गोष्टीवर, मोठ्याच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासून पाहा, ती दवाखान्याच्या दारात सोडून आत जाण्याची नाही. 'डॉक्टरसाहेब, याच्याशिवाय चालेल का?' एवढा प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नसावी.

मग रक्त खेळते ठेवणारे खरे औषध कोणते? सलाईन. होय, तेच, जे आपल्याकडे अशक्तपणा आला तरी 'एक लावून टाका' म्हणून मागतात आणि बहुतेक वेळा गरज नसताना घेतात. या एका आजारात मात्र सलाईनच मुख्य औषध आहे. झिरपून गेलेले पाणी शिरेतून परत दिले की घट्ट झालेले रक्त पातळ होते, रक्तदाब सावरतो, मूत्रपिंडांना आणि स्वादुपिंडाला रक्त पोचते. आजच्या समजुतीप्रमाणे यात 'रिंगर लॅक्टेट' जातीची बाटली अधिक बरी. ती लहान दवाखान्यातही असते आणि सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. स्टार्च घातलेल्या महागड्या बाटल्या रक्तवाहिन्या भरलेल्या ठेवतात म्हणून पूर्वी वापरत. त्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते असे दिसल्यावर अमेरिकेच्या तज्ज्ञांनी २०१८ साली या आजारात त्या वापरू नयेत असे सुचविले.

पण किती द्यायचे? इथे २०२२ सालची एक चाचणी फार महत्त्वाची ठरली. ती भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिको या चार देशांतल्या रुग्णालयांत झाली. २४९ रुग्ण. एका गटाला भराभर आणि भरपूर सलाईन, दुसऱ्याला मध्यम. मी हिशेबाचा माणूस, म्हणून ५० किलो वजनाच्या मजुराचे गणित मांडून पाहिले. भरपूर म्हणजे सुरुवातीलाच १ लिटर आणि मग तासाला १५० मिलिलिटर; दिवसभर असेच चालू ठेवले तर अर्ध्या लिटरच्या नऊहून अधिक बाटल्या. मध्यम म्हणजे शरीर कोरडे पडले असेल तरच सुरुवातीला एक बाटली, मग तासाला ७५ मिलिलिटर. दिवसाच्या पाचाहून कमी. निकाल असा की, भरपूर सलाईनने आजाराची तीव्रता कमी झाली नाही. उलट त्या गटातल्या शंभरात २० जणांच्या अंगात पाणी साचले. मध्यम गटात हे प्रमाण ६ होते. तेव्हा चाचणी मध्येच थांबविली. पाणी साचले की धाप लागते, फुप्फुसे भरतात. म्हणून 'साहेब, अजून दोन लावा' असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. हे आकडे घरी किंवा गावातल्या कोणा कंपाउंडरकडून सलाईन लावून घेण्यासाठी दिलेले नाहीत. डॉक्टर दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, रक्ताचा घट्टपणा पाहून धार कमी-जास्त करतात, आणि तेवढ्यासाठीच रुग्णालयात दाखल व्हायचे असते.

नातेवाइकांना करता येण्याजोगे एक काम आहे. लघवीच्या पिशवीवर लक्ष ठेवणे. ५० किलोच्या माणसाला तासाला निदान २५ मिलिलिटर लघवी व्हायला हवी. पिशवीवर आकडे छापलेले असतात. चार तासांत आकडा हललाच नाही, धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा हातपाय गार पडले, तर रात्र असली तरी सिस्टरना उठवावे. भगवान बुद्धांनी पोटाच्या विकाराने पडून राहिलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूची आनंदासह स्वतः सेवा केली, ही विनयातली हकिगत आपण वर्षावासात ऐकतो. पिशवी पाहणे ही तशीच सेवा आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रक्तातले लायपेज किंवा अमायलेज तिप्पट वाढलेले असले की निदान पक्के होते. आकडा जितका मोठा तितका आजार मोठा, असे मात्र नसते. निदान स्पष्ट असेल तर पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनची सहसा गरज पडत नाही, कारण मेलेला भाग तीन-चार दिवसांनंतर नीट दिसतो. सोनोग्राफी मात्र करावी, खडे शोधण्यासाठी. जंतुसंसर्ग झालेला नसताना भारी अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही. दुखण्यावरचे औषध मागायला संकोच करू नये. आणि पूर्वी आठवडाभर उपाशी ठेवत, ते आता मागे पडले आहे. सौम्य आजारात उलटी थांबून भूक लागली की दुसऱ्या दिवशीही पेज, मऊ भात देतात. आतड्यातून गेलेले अन्न आतड्याची भिंत शाबूत ठेवते. आपल्याकडच्या सासवा 'पोटाला विश्रांती दे' म्हणून ताट काढून घेतात, त्यांना हे सांगावे लागते.

आता आपल्या भगिनींबद्दल. पित्ताचे खडे बायकांना अधिक होतात. खड्यामुळे स्वादुपिंडाची सूज आली असेल, तर ती ओसरल्यावर पित्ताची पिशवी काढून टाकावी लागते. नाहीतर दुसरा खडा घसरतो. बीड जिल्ह्यातल्या बायकांना 'पिशवी काढा' या शब्दांची धास्ती आहे आणि ती उगाच नाही. ऊसतोडीचा खाडा नको म्हणून, पोटदुखीला कायमचा उपाय म्हणून, कर्करोगाची भीती घालून तरुण बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजले, विधिमंडळापर्यंत गेले. त्यामुळे पित्ताच्या पिशवीचे नाव काढले तरी बाई म्हणते, 'नको, मागल्या वेळी जावेला असंच फसवलं.' या दोन शस्त्रक्रियांत फरक आहे आणि तो घरोघर सांगितला पाहिजे. खड्यांमुळे सूज येऊन गेलेल्या रुग्णाची पित्ताची पिशवी काढणे गरजेचे असते. त्याने पाळीवर, संसारावर, कामाच्या ताकदीवर परिणाम होत नाही. गर्भपिशवीच्या बाबतीत मात्र सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

केव्हा काढायची, हेही महत्त्वाचे. 'महिन्याने या' असे सांगून घरी पाठविण्याची जुनी पद्धत होती. नेदरलँड्समध्ये सौम्य सुजेच्या २६६ रुग्णांवर याची परीक्षा झाली, २०१५ साली निकाल आला. त्याच मुक्कामात पिशवी काढलेल्या शंभरांपैकी ५ जणांना खड्यांच्या त्रासाने पुन्हा दाखल व्हावे लागले किंवा त्यांचा मृत्यू झाला; महिन्याने बोलाविलेल्यांत १७ जणांवर ही वेळ आली. आपल्याकडे तर महिना म्हणजे दसरा-दिवाळी होऊन टोळी निघून गेलेली. बाई कोपीत, कारखाना दोनशे-अडीचशे किलोमीटरवर, मुकादम सोडायला तयार नाही, आणि कळ पुन्हा उठते. म्हणून डिस्चार्जच्या आधीच विचारावे, 'खडे आहेत का? असतील तर ऑपरेशन याच मुक्कामात करता येईल का?' आजार गंभीर होऊन भोवती पाणी साचले असेल तर डॉक्टर मुद्दाम थांबतात. तसे असेल तर तारीख लिहून घ्यावी आणि त्या हंगामाची उचल तारखेनंतरच घ्यावी. हे बोलायला सोपे, करायला अवघड आहे, ते मी जाणतो. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक पडला तर उचल दुसऱ्याच्या मानगुटीवर बसते.

पुरुषांचा प्रश्न दारूचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. तरी घरोघर काय चालते ते वाचकांना सांगायला नको. स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेल्यावर पुन्हा पिणाऱ्याला पुन्हा सूज येण्याची शक्यता मोठी असते. दोन-चार वेळा झाले की अवयव आक्रसतो, मधुमेह जडतो, जेवलेले पचत नाही. अशा वेळी बायको-मुले एकदा रडून सांगतात, डॉक्टर एकदा दटावतात, आणि सारे गप्प होतात. फिनलंडमध्ये १२० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दवाखान्यात एकदाच समजावले. दुसऱ्याला दर सहा महिन्यांनी बोलावून दोन वर्षे पुन्हा पुन्हा समजावले. २००९ साली छापलेल्या निकालात दुसऱ्या गटात सूज उलटण्याचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास आले होते. रक्तवाहिन्या उघडणाऱ्या कोणत्याही इंजेक्शनला जे जमले नाही ते बसून बोलण्याने काही प्रमाणात साधले, आणि त्याला खर्च नाही. आपल्या विहारांत हे काम कोण करील? भाषणे देणारे पुष्कळ आहेत. दर सहा महिन्यांनी एखाद्याच्या ओट्यावर जाऊन, त्याचा अपमान न करता तासभर बसणारे थोडे. महिला मंडळांनी मनावर घेतले तर तलवाड्यापासून सुरुवात करता येईल, नावे मी देतो. रोज पिणाऱ्याने मात्र अचानक सोडली तर हातापायाला कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. तेव्हा तेही डॉक्टरच्या सल्ल्याने व्हावे.

शेवटी कागदांचे. वर सांगितल्यासारखी कळ दोन-तीन तासांत थांबली नाही तर १०८ला फोन करावा. गाडीत बसताना रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड आणि आधीचे रिपोर्ट असले तर पिशवीत टाकावेत. कागद सापडत नाहीत म्हणून निघायचे थांबू नये, ते मागाहून कोणी आणून देईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती, तिच्यात आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. दाखल होतानाच, बिल वाढण्याआधी, योजनेच्या खिडकीवर बसलेल्या आरोग्यमित्राला गाठून 'आमचा आजार योजनेत बसवा' म्हणावे आणि बाहेरून इंजेक्शन आणायची चिठ्ठी मिळाली तर तीही त्याला दाखवावी. उसाच्या हंगामात माणूस सांगली-कोल्हापूरकडे असला तरी योजना तिकडच्या नोंदलेल्या रुग्णालयात चालते. सीमेपलीकडे कर्नाटकात गेलेल्यांनी आयुष्मान कार्ड जवळ ठेवावे. ज्यांची कार्डे अजून काढायची आहेत त्यांनी टोळ्या निघण्याआधीच्या रविवारी सकाळी विहारात यावे, येताना आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणावा.